बालकांच्या शस्त्रक्रिया : कोठे थांबावे, कोठे धावावे

तान्ह्या मुलास काही झाले की घरात दोन सल्ले एकदमच निघतात. एक म्हणतो, ‘एवढ्याशा जिवाला कापाकापी कशाला? वाढेल तसे आपोआप बरे होईल.’ दुसरा म्हणतो, ‘आताच्या आता मोठ्या दवाखान्यात न्या.’ हे दोन्ही सल्ले आपापल्या ठिकाणी खरे आहेत. बालकांच्या काही व्याधी वयाबरोबर खरोखरीच नाहीशा होतात. काहींत मात्र सहा तासांचा विलंबही घातक ठरतो. कोणत्या व्याधीस कोणता सल्ला लागू पडतो, एवढेच या लेखात सांगण्याचे आम्ही योजिले आहे. उपचार करणे हे तज्ज्ञांचे काम. परंतु वेळ ओळखणे हे घरच्या माणसांचे काम आहे.

हे शास्त्र वेगळे का?

मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे. वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचे क्षेत्र अधिक, म्हणून ते लवकर थंड पडते. अंगातील पाण्याचा साठा बेताचा, म्हणून थोड्याशा उलट्यांनीही ते कोमेजते. शिवाय ते वाढते असल्यामुळे, आज केलेली दुरुस्ती उद्याच्या मोठ्या शरीरास पुरावी लागते. या जाणिवेतून विसाव्या शतकात बालशस्त्रक्रिया ही स्वतंत्र शाखा उभी राहिली. अमेरिकेतील बॉस्टन येथील विल्यम लॅड व रॉबर्ट ग्रॉस यांनी १९४१ साली बालकांच्या पोटाच्या शस्त्रक्रियेवर लिहिलेला ग्रंथ या शाखेचा एक आधारस्तंभ मानला जातो. आपल्या देशात बालशल्यविशारदांची संघटना १९६५ साली स्थापन झाली.

यांतील पुष्कळ व्याधी जन्मजात असतात. ‘ग्रहणात विळी हाती धरली म्हणून मुलाचा ओठ फाटला’ असे बोल आजही बाळंतिणीस ऐकावे लागतात. त्यांस काडीचाही आधार नाही. गर्भाचे बहुतेक अवयव पहिल्या तीन महिन्यांतच आकार घेतात, व त्या नाजूक घडणीत कोठे एखादा दुवा निसटतो. त्याचा दोष आईच्या माथी मारणे हा अन्याय तर आहेच. पण त्यामुळे व्यंग लपविण्याची बुद्धी होते आणि अमोल वेळ हातचा जातो.

जेथे तास मोजावयाचे

सर्वांत आधी लक्षात ठेवावयाची खूण म्हणजे हिरवी उलटी. तान्हे मूल दूध ओकते, दह्यासारखे फुटके दूधही ओकते. त्यात बहुधा भय नसते. परंतु नवजात बालकाची उलटी हिरवी झाली, तर आतड्यास अडथळा आहे असे समजूनच चालावे. गर्भावस्थेत सहाव्या आठवड्याच्या सुमारास आतडी नाळेत उतरतात व दहाव्याच्या सुमारास वळसा घेत पोटात परततात. हा वळसा अपुरा राहिला तर आतड्यांचा आधार अरुंद राहतो, आणि एखाद्या दिवशी सगळ्या आतड्यास पीळ पडून त्याचा रक्तपुरवठा तुटतो. लॅड यांनी १९३६ साली वर्णिलेली शस्त्रक्रिया यावर आजही केली जाते. वेळेवर पीळ सोडविला तर मूल बचावते. उशीर झाला तर आतडे काळे पडते. येथे ‘सकाळपर्यंत पाहू’ हे वाक्य उच्चारू नये.

काही बालकांची अन्ननलिका मध्येच बंद असते. तोंडातून सारखा फेस येतो आणि पहिला घोट पाजताच मूल ठसकते व निळे पडते. अशा वेळी पुन्हा पाजून पाहणे म्हणजे दूध फुप्फुसात घालणे होय. ही नलिका प्रथमच्या शस्त्रक्रियेतच सांधण्यात १९४१ साली कॅमेरन हाइट यांना यश आले. त्यापूर्वी हे व्यंग बहुतेक प्राणघातकच असे. सुमारे पाच हजार बालकांत एकास गुदद्वार नसते. ते प्रत्येक नवजात बालकास पहिल्याच तपासणीत पाहिले जावे. गुदद्वार नसलेल्या बालकास आधी पोटावर शी जाण्याची वाट करून देतात व पुढे काही महिन्यांनी मूळ जागी मार्ग तयार करतात; काही सौम्य प्रकारांत हे एकाच शस्त्रक्रियेत साधते.

वर्षाच्या आतले गुबगुबीत मूल अकस्मात कळवळून रडते, पाय पोटाशी घेते, मग क्षणभर शांत पडते व पुन्हा कळवळते. पुढे लाल जेलीसारखी शी होते. येथे आतड्यात आतडे शिरलेले असते. दात येत असतील, दृष्ट लागली असेल, असे म्हणून दिवस घालवू नये. लवकर पोहोचल्यास हवेच्या किंवा द्रवाच्या दाबाने, चिरफाड न करताही ते पुष्कळदा सोडविता येते.

जांघेतील अंतर्गळाचा फुगवटा एरवी आत जातो. पण तो कठीण होऊन आत जाईनासा झाला आणि मूल रडू लागले, तर तीही तासांचीच गोष्ट. तसेच, दहा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या वृषणात एकाएकी तीव्र वेदना उठली तर त्यास पीळ पडलेला असू शकतो. तो वाचविण्यास सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया होणे श्रेयस्कर. मुलगा लाजेने ‘पोट दुखते’ एवढेच सांगतो. ती लाज मोडण्याचे काम वडिलांनी आधीच करून ठेवावे.

जेथे दिवस व आठवडे मोजावयाचे

पूर्ण दिवसांचे निरोगी बालक बहुधा पहिल्या २४ तासांत काळपट हिरवी शी करते. ४८ तासांतही ती झाली नाही व पोट फुगू लागले, तर मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात मज्जापेशी नसण्याचा संभव असतो. हिर्शस्प्रुंग यांनी १८८६ साली वर्णिलेल्या या व्याधीवर निश्चित उपाय स्वेन्सन यांनी १९४८ साली प्रसिद्ध केला. अशा फुगलेल्या पोटावर बिब्बा घालणे किंवा डागणे हा उपाय नसून दुसरी इजा होय.

दोन ते आठ आठवड्यांचे मूल प्रत्येक पाजण्यानंतर दूध लांब उडेल अशी उलटी करते, आणि लगेच पुन्हा भुकेले होते. या उलटीत हिरवेपणा नसतो. जठराच्या मुखाचा स्नायू जाड झाल्यामुळे हे घडते. आधी शरीरातील पाणी व क्षार सुधारून मग लहानशी शस्त्रक्रिया केली की मूल बहुधा दोन-तीन दिवसांत घरी जाते.

सर्वांत फसवी व्याधी पित्तनलिका बंद असण्याची. मूल गुटगुटीत दिसते, दूध पिते, फक्त डोळ्यांची पिवळी छटा जात नाही. आणि शी पांढुरकी, मातीच्या रंगाची होते. घरात ‘कोवळ्या उन्हात धरा’ असे सांगितले जाते व आठवडे निघून जातात. जपानचे मोरिओ कासाई यांनी १९५९ साली प्रसिद्ध केलेल्या शस्त्रक्रियेचा लाभ सर्वसाधारणपणे पहिल्या ६० दिवसांत अधिक होतो. पुढे यकृत कठीण होत जाते व यकृतरोपणावाचून गत्यंतर राहत नाही. म्हणून दोन आठवड्यांनंतर कावीळ टिकली तर रक्त तपासावे, आणि शीचा रंग रोज पाहावा.

न्हाऊ घालताना पोटात गाठ लागली तर ती पुन:पुन्हा चाचपू नये, त्याच आठवड्यात दाखवावी. मूत्रपिंडाच्या विल्म्स नावाच्या गाठीत शस्त्रक्रिया व औषधे यांनी, उत्तम उपचार मिळाल्यास, दहांपैकी नऊ मुले बरी होतात.

जेथे थांबता येते

फुगलेली बेंबी बहुधा चार-पाच वर्षांपर्यंत आपोआप बसते. तिच्यावर नाणे बांधल्याने ती लवकर बसत नाही, उलट त्वचा दुखावते. अंडकोशात जन्मापासून असलेले पाणी बहुतेकदा वर्ष-दोन वर्षांत जिरते. लहान मुलाच्या शिस्नाची त्वचा मागे जात नाही हे नैसर्गिक आहे. ती बळाने ओढू नये. वृषण खाली उतरले नसेल तर सहा महिन्यांपर्यंत वाट पाहावी, त्यानंतर मात्र नाही. साधारणतः दीड वर्षाच्या आत शस्त्रक्रिया व्हावी. उशिराने पुढील प्रजननशक्ती उणावते. जांघेचा अंतर्गळ या यादीत बसत नाही. तो आपोआप बरा होत नाही, म्हणून निदान होताच, अडकण्यापूर्वीच, शस्त्रक्रिया करून घ्यावी.

वाटेवरची काळजी

मोठे रुग्णालय पुष्कळदा दुसऱ्या शहरी असते, आणि वाटेतच बालक थंड पडून खालावते. त्यास आईच्या उराशी, त्वचेस त्वचा लावून, वरून पांघरूण घालून न्यावे. हिरवी उलटी किंवा फेस असल्यास तोंडाने काही देऊ नये. निघण्यापूर्वी जवळच्या डॉक्टरांकडून सलाईन व नाकातून नळी घालून घ्यावी. आतडी बाहेर असलेले बालक जन्मले तर ती स्वच्छ प्लास्टिकने झाकावीत, सुकू देऊ नयेत. जन्माची वेळ, वजन व दिलेली औषधे लिहिलेला कागद सोबत असावा. सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून बालकांची जन्मजात दोषांसाठी तपासणी होते. त्याची चौकशी जिल्हा रुग्णालयात करावी.

‘एवढ्याशा जिवाला भूल सोसेल का?’ हा प्रश्न प्रत्येक आजी विचारते, आणि तो मायेतूनच आलेला असतो. आज प्रशिक्षित भूलतज्ज्ञ एक दिवसाच्या बालकासही भूल देतात. धोका मुळीच नसतो असे नाही. परंतु पीळ पडलेल्या आतड्याचा धोका त्याहून कितीतरी मोठा आहे. फुगलेल्या बेंबीसाठी कोणी धावपळ करू नये, आणि हिरव्या उलटीसाठी कोणी सकाळची वाट पाहू नये. एवढा विवेक घरोघरी रुजला, तर कित्येक पाळणे रिकामे होण्यापासून वाचतील.