घरगुती केरकचऱ्याच्या कामाचे मोजमाप

गावातील घरांतून जो केरकचरा निघतो, त्यातील मोठा भाग जमिनीतूनच आलेला असतो. भाजीचे देठ, फळांच्या साली, शिळे अन्न, जनावरांनी टाकलेले चघळ हे सारे पुनः जमिनीत गेले तर खत होते. ओढ्याच्या काठी साठले तर त्यापासून माश्या, डास व रोगराई उत्पन्न होते. पूर्वी शेतकरी आपल्या उकिरड्याच्या द्वारे ही वाट आपणच काढीत असे. परंतु आता त्याच पाटीत पातळ प्लास्टिकच्या पिशव्या, तंबाखूच्या पुड्या, औषधांची वेष्टने, फुटकी काच व संपलेले सेल येऊन पडतात. असा मिश्र कचरा शेतात नेता येत नाही आणि उघड्यावर राहिल्यास जनावरे तो खातात. यास्तव हे काम आता एकेका घराचे न राहता ग्रामपंचायतीचे वा नगरपरिषदेचे झाले आहे. 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाने व 1965 च्या नगरपरिषद अधिनियमाने सफाईचा भार या संस्थांवर टाकलेलाच आहे. 2016 साली केंद्र शासनाने केलेल्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला, सुका व घातक असा कचरा घरीच वेगळा करण्याचे बंधन घातले.

बीड जिल्ह्यात अकरा तालुके आहेत. बीड, अंबाजोगाई, परळी वैजनाथ, माजलगाव, गेवराई व धारूर येथे नगरपरिषदा आणि केज, आष्टी, पाटोदा, शिरूर कासार व वडवणी येथे नगरपंचायती असून उरलेल्या भागाचा कारभार ग्रामपंचायतींकडे आहे. या संस्थांपैकी कोणती आपले काम नीट करते व कोणती केवळ केल्याचे दाखविते, हे ओळखावयाचे कसे, हा या लेखाचा विषय आहे.

प्रचलित मापे

महाराष्ट्रात 2000-01 साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले आणि गावांना गुण देऊन त्यांची तुलना करण्याची पद्धत रूढ झाली. शहरांसाठी 2016 पासून स्वच्छ सर्वेक्षण होऊ लागले. त्या पहिल्या वर्षी 73 शहरांची पाहणी झाली व 2018 पासून देशातील सर्व नागरी संस्था त्यात आल्या. स्वच्छ भारत अभियानाच्या ग्रामीण भागाचा दुसरा टप्पा 2020 साली सुरू झाला. त्यात हागणदारीमुक्त राहिलेल्या गावांचे उदयोन्मुख, उज्ज्वल व उत्कृष्ट असे तीन वर्ग केले गेले. घनकचरा अथवा सांडपाणी यांपैकी एकाची व्यवस्था झाली म्हणजे गाव उदयोन्मुख, दोन्हींची झाली म्हणजे उज्ज्वल, आणि त्याखेरीज गाव डोळ्यांना स्वच्छ दिसू लागले व ठरलेले स्वच्छतेचे संदेश भिंतींवर लागले म्हणजे उत्कृष्ट, अशी ही विभागणी आहे.

या पद्धतींनी गावोगावी चुरस उत्पन्न झाली व पुष्कळ काम झाले, यात शंका नाही. तथापि त्यांत एक उणीव राहते. समिती यावयाची त्या दिवशी गाव झाडून काढता येते. घंटागाडी घेतली, खड्डे खणले, फलक लावले, एवढ्याने रकाने भरतात. परंतु गाडी घेणे म्हणजे कचरा नेणे नव्हे आणि खड्डा खणणे म्हणजे खत होणे नव्हे. नाडेप टाके बांधलेले आहे. पण त्यात बाभळीचे रोप उगवले आहे, असे दृश्य खेडोपाडी विरळा नाही.

दुसरी चूक याहून सूक्ष्म आहे. किती कचरा गोळा केला यावर काम जोखले, तर जेथे घरोघर गुरे आहेत, भाजीपाल्याचे उरलेसुरले गुरांपुढे जाते व शेण-चघळ ज्याच्या त्याच्या उकिरड्यात पडते, ते गाव मागे पडते. आणि जेथे लोक सर्व काही गाडीत टाकून मोकळे होतात ते पुढे जाते! वस्तुतः पहिलेच गाव श्रेष्ठ मानावयास हवे. गोळा केलेले वजन हे गाडीचे माप होय. गावाचे माप काढावयाचे तर घरातून निघालेल्या कचऱ्यापैकी किती भाग खत होऊन वा भंगारात विकला जाऊन मार्गी लागला आणि किती उघड्यावर पडून राहिला, हे पाहावे लागते.

वजनाच्या मापातील फसगत

इंग्लंडमध्ये या शतकाच्या आरंभी प्रत्येक स्थानिक संस्थेकडून काही ठरावीक आकडे मागविले जात. माणशी किती किलो कचरा निघाला, त्यातील शेकडा किती पुनर्वापरास गेला, शेकडा किती कंपोस्टास गेला व घरटी किती खर्च झाला, हे त्यांतील मुख्य. 2000-01 साली तेथे पुनर्वापर व कंपोस्ट मिळून प्रमाण सुमारे 11 टक्के होते. ते पुढील दशकात 40 टक्क्यांच्या वर गेले व नंतर तेथेच रेंगाळले. ही वाढ बरीचशी खरी होती. परंतु बागेतील गवत व पालापाचोळा वजनाला जड असल्यामुळे तो गोळा केला की शेकडेवारी झटकन चढते, असाही अनुभव आला.

आपल्याकडे बागेची जागा चुलीची राख व अंगणातील माती यांनी घेतली आहे. खेड्यातील झाडलोटीत या दोहोंचे वजन बरेच असते. ती खड्ड्यात टाकली तर वाईट काहीच नाही; पण ती हिशेबात धरली की काही न करता काम मोठे दिसते. म्हणून राख-माती वेगळी तोलून तिचा रकाना वेगळा ठेवावा.

बंद घरांचा प्रश्न

बीड जिल्ह्यापुरती आणखी एक गोष्ट ध्यानात घेणे अत्यंत जरूर आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास येथील ऊसतोड कामगार कुटुंबे गुराढोरांसह सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर, पुणे, अहिल्यानगर या जिल्ह्यांत व कर्नाटकात जातात व पाडव्याच्या आगेमागे परततात. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील कित्येक वाड्या-तांडे तेवढे महिने अर्धेअधिक ओस पडतात. अशा गावात नमुना नंबर आठच्या उताऱ्यावरील घरांची संख्या घेऊन सरासरी काढली तर ती हिवाळ्यात एक आणि उन्हाळ्यात दुसरीच येते. यास्तव दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात गावात उघडी घरे किती हे मोजून लिहावे व सर्व हिशेब उघड्या घरांवरच करावा.

उदाहरणादाखल, एका गावात नोंदलेली घरे 450 असून पौष महिन्यात उघडी घरे 300 आहेत असे समजू. नमुन्याच्या 20 घरांतील कचरा सात दिवस तोलला असता एकंदर 140 किलो भरला. त्यात ओला 70, विकण्याजोगा सुका 14, न विकला जाणारा सुका 12, घातक व अस्वच्छ 2 आणि राख-माती 42 किलो निघाली. राख-माती वजा जाता 98 किलो राहतात, म्हणजे दर घरी रोज 700 ग्रॅम. तेव्हा 300 घरांचा तीस दिवसांचा कचरा 6,300 किलो झाला. त्या महिन्यात टाक्यांत 2,700 किलो ओला कचरा पडला व 450 किलो भंगार विकले गेले, तर मार्गी लागलेला भाग 3,150 किलो, म्हणजे निम्मा, 50 टक्के. हाच हिशेब 450 घरांवर केला तर उत्तर 33 टक्के येते व ग्रामपंचायतीवर अन्याय होतो. उलट महिन्याची 2,700 किलो राख-माती दोन्ही बाजूंस मिळविली तर तेच काम 65 टक्के दिसते. काम एकच, आकडे तीन! कोणता आकडा कसा काढला हे लिहिल्याशिवाय दोन गावांची तुलना करू नये.

जी कुटुंबे कारखान्यांवर जातात, त्यांच्या पालांवरील कचरा त्या काळात कोणाच्याच वहीत येत नाही. तो जेथे पाल पडले तेथील ग्रामपंचायतीच्या हिशेबात यावयास पाहिजे. परंतु तेथेही घरे नोंदलेल्या मिळकतींवरून मोजली जातात व पाल ही मिळकत नव्हे.

प्रत्यक्ष रीत

नमुन्याची घरे एकाच आळीतील घेऊ नयेत. गुरे असलेली व नसलेली, गावठाणातील व वस्तीवरील अशी सर्व प्रकारची घरे घ्यावीत. आठ दिवस रोज एकाच वेळी कचरा घ्यावा व पहिल्या दिवसाचे वजन सोडून द्यावे, कारण त्या दिवशी मागचा साठलेला कचरा बाहेर निघतो. टांगता काटा व पाच गोण्या एवढे साहित्य पुरे होते. कोणत्या घरचे ओले गुरांपुढे किंवा घरच्या उकिरड्यात जाते हे विचारून टिपावे; ही घरे वाहतुकीचा खर्च वाचवितात. ही तोलणी वर्षातून तीनदा करावी : पावसाळ्यात, कामगार बाहेर असताना आणि ते परतल्यावर.

गाडीच्या खेपांचे वजन रोज करण्याचे कारण नाही. भरलेली गाडी तीन वेळा तोलून सरासरी काढावी व नंतर खेपा मोजाव्यात. भरलेल्या वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा करावयाचे असते, हे ज्या जिल्ह्यातील माणूस उसाच्या काट्यावर उभा राहून आयुष्य काढतो तेथे समजावून सांगणे नलगे.

खरी परीक्षा मात्र खड्ड्याच्या दुसऱ्या टोकाला होते. ओला कचरा कुजून खत होताना त्याचे वजन साधारणपणे निम्म्यापर्यंत वा एक तृतीयांशापर्यंत उतरते. वरील गावात महिन्याला 2,700 किलो ओला कचरा टाक्यांत पडत असेल तर तीन-चार महिन्यांनी त्यातून 900 ते 1,350 किलो खत निघावयास हवे. खत निघाले नाही, कोणी शेतकऱ्याने नेले नाही, तर टाकीत कचरा पडल्याची नोंद कागदावरचीच होय. सुक्या कचऱ्याची अशीच परीक्षा भंगारवाल्याच्या पावतीवरून होते. हे दोन पडताळे कोणत्याही समितीच्या भेटीपेक्षा भरवशाचे आहेत.

यवतमाळ जिल्ह्यातील पुसद येथील नारायण देवताव पांढरीपांडे यांनी प्रचारात आणलेले नाडेप टाके येथेही चालते. दहा फूट लांब, सहा फूट रुंद व तीन फूट उंच अशा टाक्यास सुमारे 1,400 ते 1,500 किलो काडीकचरा, 90 ते 100 किलो शेण, 1,750 किलो चाळलेली माती आणि 1,500 ते 2,000 लिटर पाणी लागते. आष्टी, पाटोदा, शिरूर या कमी पावसाच्या भागांत उन्हाळ्यात हे पाणी मिळणे कठीण असते. म्हणून तेथे टाकी पावसाळ्यात भरावी आणि उन्हाळ्यातील ओल न्हाणीच्या व भांड्यांच्या सांडपाण्यावर राखावी. सुके पडलेले टाके वर्षभर तसेच राहते. मग दोष कंपोस्टाच्या पद्धतीवर टाकला जातो.

खत शेतकऱ्याने कसे पारखावे

गंगथडीच्या काळ्या जमिनीपेक्षा बालाघाटाच्या उथळ, मुरमाड जमिनीस सेंद्रिय खताची गरज अधिक, कारण ओल धरून ठेवण्याची तिची शक्ती थोडी. परंतु काच व प्लास्टिक मिसळलेले खत फुकट मिळाले तरी महाग पडते. खुरपणी करणाऱ्या बायांच्या हातापायांस काच लागते व एकदा जमिनीत गेलेली काच वेचून निघत नाही. 1985 च्या खत नियंत्रण आदेशानुसार शहरी कंपोस्टाचा किमान 90 टक्के भाग 4 मिलिमीटरच्या चाळणीतून गेला पाहिजे, आणि किलोमागे शिसे 100 मिलिग्रॅम व कॅडमियम 5 मिलिग्रॅम यांहून अधिक असता कामा नये. शिसे व कॅडमियम यांची तपासणी प्रयोगशाळेतच होते. चाळणी मात्र शेताच्या बांधावर धरता येते. खत वाळवून दहा किलो घ्यावे, चाळावे, आणि वर राहिलेली काच, तार, प्लास्टिक वेगळे तोलावे. एका किलोहून अधिक भाग चाळणीवर राहिला तर ते खत परत करावे व परत केल्याची नोंद ग्रामपंचायतीच्या वा नगरपरिषदेच्या वहीत करवून घ्यावी. घराघरात कचरा वेगळा होतो की नाही, याचे सर्वांत प्रामाणिक माप ही चाळणीच देते.

शहरांविषयी थोडेसे

लहान शहरांत माणशी रोज 200 ते 300 ग्रॅम कचरा निघतो असे केंद्र शासनाच्या मार्गदर्शिकेत धरलेले आहे. 2011 च्या शिरगणतीत बीड शहराची लोकसंख्या 1,46,709 होती. त्या हिशेबाने तेव्हाचा रोजचा कचरा सुमारे 29 ते 44 टन येतो. त्यात निम्मा ओला धरला तरी आसपासच्या कित्येक एकरांस पुरेल एवढे खत त्यातून होऊ शकते. परळी वैजनाथ येथे महाशिवरात्र व श्रावण यांत यात्रेकरूंची भर पडते. ते महिने सरासरीत मिसळू नयेत.

कोकणातील वेंगुर्ला नगरपरिषदेने सुका कचरा अनेक प्रकारांत वेगळा करून विकण्यास सुरुवात केली आणि पूर्वीच्या कचराडेपोच्या जागी लोकांनी पाहावयास जावे असे उद्यान उभे केले. पुण्यात 2008 पासून कचरावेचकांची सहकारी संस्था घरोघर जाऊन कचरा घेते. या दोन्ही ठिकाणी जमलेल्या मालाला गिऱ्हाईक होते, हे विसरू नये. बीडच्या लहान गावांत न विकला जाणारा सुका कचरा हीच खरी अडचण आहे. तो गावात जाळला जातो आणि जळालेला कचरा कोणत्याही वहीत दिसत नाही. म्हणून महिन्यातून एकदा, आधी न सांगता, ओढ्याचा काठ, शाळेची मागची बाजू, बाजारतळ व स्मशानाची वाट अशी फेरी घालून उघडे ढीग व जळाल्याच्या खुणा मोजाव्यात. अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात तालुक्यास एक प्लास्टिक प्रक्रिया केंद्र करण्याची व त्यासाठी 16 लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद होती. गावातील असा माल गोण्यांत बांधून, तोलून व पावती घेऊन अशा केंद्राकडे जातो की नाही, हाही एक रकाना वहीत असावा.

वर्षाचा हिशेब ग्रामसभेपुढे वाचावयाचा तो 1 मेच्या सभेत वाचावा. 26 जानेवारीच्या सभेस निम्मे गाव उसाच्या फडात असते. मेमध्ये ते परत आलेले असते, पेरणीपूर्वी खताची मागणीही त्याच वेळी होते, आणि टाकीतून निघालेले खत कोणाच्या शेतात गेले हे सभेत बसलेल्या शेतकऱ्यांनाच विचारता येते.