‘पीआरपी’ म्हणजे काय रे भाऊ?

आधीच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. ऱ्हस्व-दीर्घ लिहिताना आजही हात अडखळतो, तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी. विषयही मेकॅनिकलच्या मुलीचा नाही. पण तो माझ्या आईचा आहे, म्हणून लिहितेय.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा आईने हळूच एका क्लिनिकचं माहितीपत्रक माझ्या हातात दिलं. मार्चमध्ये ताईचं लग्न आहे. साखरपुड्यात कोणीतरी आईला म्हणालं होतं, "विहीणबाई तुमच्यापेक्षा लहान दिसतात हो!" माहितीपत्रकात चेहरा तरुण करण्याची तीन पॅकेजेस होती आणि तिन्हींत पीआरपी. आई म्हणाली, "तू इंजिनीअर होणार ना? मग यातलं कुठलं घेऊ ते सांग." मी हसले आणि म्हटलं, "अगं, तू आहेस तशीच छान दिसतेस." ती हसली नाही. तिला कौतुक नको होतं, उत्तर हवं होतं.

हॉस्टेलवर परतल्यावर सबमिशन बाजूला ठेवून (सरांनी हे वाक्य वाचू नये!) मी अभ्यासाला बसले.

पीआरपी म्हणजे प्लेटलेट-रिच प्लाझ्मा. आपलंच थोडं रक्त काढतात, ते गोठू नये म्हणून ट्यूबमध्ये औषध असतं, आणि ट्यूब सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात. तांबड्या पेशी जड, त्या तळाशी जातात. वर पिवळसर प्लाझ्मा राहतो. त्यातला प्लेटलेट्सनी भरलेला भाग घेऊन चेहऱ्याच्या त्वचेत सोडतात. जखम झाली की प्लेटलेट्स ग्रोथ फॅक्टर्स नावाची प्रथिनं सोडतात आणि दुरुस्तीचं काम सुरू होतं. तीच दुरुस्ती त्वचेत करून कोलॅजन वाढवायचं, ही यामागची कल्पना.

आता आपला प्रांत! माहितीपत्रकात अभिमानाने लिहिलं होतं, ‘३००० आरपीएम’. पण नुसत्या आरपीएमला काय अर्थ? सूत्र असं : जी-फोर्स = ०.००००१११८ × त्रिज्या (सेंमी) × आरपीएमचा वर्ग. त्रिज्या ८ सेंमी असेल तर साधारण ८०० जी, १६ सेंमी असेल तर १६०० जी. आरपीएम तेच, जोर दुप्पट! जोर कमी पडला तर थर नीट वेगळे होत नाहीत, जास्त झाला तर प्लेटलेट्सही खाली जातात. म्हणजे दोन क्लिनिकमधलं ‘पीआरपी’ एकच असेल असं नाही.

आता ती तीन पॅकेजेस.

१) नुसतं पीआरपीचं इंजेक्शन : बारीक सुरकुत्या आणि त्वचेचा पोत यांसाठी. परिणाम हळूहळू दिसतो, म्हणून साधारण महिन्याच्या अंतराने दोन-तीन सिटिंग्ज सांगतात. लोंबलेली त्वचा याने वर उचलली जात नाही.

२) मायक्रोनीडलिंग आणि पीआरपी : बारीक सुयांनी त्वचेला सूक्ष्म छिद्रं पाडून वर पीआरपी लावतात. मुरुमांचे खड्डे असतील तर हा पर्याय विचारात घेतात. (हॉस्टेलकरांनो, हे आपल्यासाठी!) पण चेहऱ्यावर मुरुम चालू असताना सुया नकोत.

३) फिलर आणि पीआरपी : गाल बसले असतील तर भरण्यासाठी. इथे लगेच दिसणारा फरक फिलरचा असतो, पीआरपीचा नाही. फिलर चुकून रक्तवाहिनीत गेलं तर त्वचा मरू शकते, क्वचित दृष्टीही जाते. म्हणून हे काम प्रशिक्षित डॉक्टरांचंच.

मग पीआरपीचा उपयोग होतो का? २०१८ साली ‘जामा डर्मटॉलॉजी’ या नियतकालिकात एक छोटा प्रयोग छापून आला. २७ जणांना घेतलं. एका गालात पीआरपी, दुसऱ्यात सलाईन, आणि कुठे काय आहे हे त्यांना सांगितलं नाही. सहा महिन्यांनी त्यांना स्वतःला पीआरपीच्या बाजूचा पोत जास्त सुधारलेला वाटला. पण डाव्या-उजव्याची माहिती नसलेल्या त्वचातज्ज्ञांना दोन्ही गालांत ठळक फरक दिसला नाही. थोडक्यात काय, तर उपयोग शून्य नाही, पण जादूही नाही.

आणि धोका? रक्त स्वतःचं, म्हणून ॲलर्जीची भीती कमी. पण सुई कोणाची? अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात, परवाना नसलेल्या एका स्पामध्ये पीआरपी मायक्रोनीडलिंग करून घेतलेल्या स्त्रियांना एचआयव्हीची लागण झाली. चौकशी २०१८ मध्ये सुरू झाली आणि सीडीसी या तिथल्या सरकारी आरोग्यसंस्थेने २०२४ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. म्हणून सुईचं पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगा आणि ट्यूबवर आपलं नाव आहे ना ते बघा. लाज कसली?

एवढं सगळं वहीत लिहून मी पुढच्या सुट्टीत आईला घेऊन एका त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "कुठल्या गोळ्या चालू आहेत?" आई गुडघ्यांसाठी वेदनाशामक गोळ्या घेते. त्यांतल्या काही गोळ्या प्लेटलेट्सचंच काम मंदावतात! क्लिनिकमध्ये हे कोणी विचारलंच नव्हतं. दुसरा प्रश्न, "चेहऱ्यावरचं नक्की काय खटकतं?" आईने गालावर बोट ठेवलं. सुरकुत्या नव्हेत, वांग. डॉक्टर म्हणाले, सुयांच्या जखमांनी वांग आणखी गडद होऊ शकतो. आधी रोज सनस्क्रीन आणि लिहून देतो ते मलम. पीआरपीचं नंतर बघू.

मी तीन पॅकेजेसमधून एक निवडायला निघाले होते. तिन्हींपैकी एकाचंही काम नव्हतं! परीक्षेत आपण नेमकं हेच करतो. प्रश्न न वाचता उत्तराचा पर्याय शोधतो.

आई थोडी हिरमुसली, खोटं कशाला सांगू? पण आता बसला पळायच्या आधी न चुकता सनस्क्रीन लावते आणि फोनवर मला विचारते, "तू लावलंस का गं?"

मी लावत नाही. उद्यापासून नक्की!