यादी बनवा, पण उघडूनही पाहा

रोजमेळ आणि खतावणी यांतला फरक आपल्या व्यापारी बांधवांना समजावून सांगण्याची गरज नाही. रोजमेळात व्यवहार घडेल तसा लिहिला जातो, खतावणीत तो नावानिशी चढतो. रोजमेळात नोंद झाली आणि खतावणीत चढली नाही, तर हिशेब चुकतो. संगणकाच्या जाळ्यातही हेच घडते. आमच्या पेढीवर ते घडले आहे, म्हणून आजचा हा धडा.

सुमारे वीस वर्षांपूर्वी आम्ही कापडाच्या दुकानात तीन आणि गोदामात दोन संगणक बसवले. सर्व लिनक्सवर चालणारे. प्रत्येक संगणकावर प्रत्येक कारकुनाचे नाव आणि पासवर्ड वेगळा लिहावा लागू नये, म्हणून पुतण्याने 'एनआयएस' नावाची सोय केली. ही सोय सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने १९८० च्या दशकात काढली. तिचे पहिले नाव 'यलो पेजेस' होते. ब्रिटनमध्ये ते नाव ब्रिटिश टेलिकॉमच्या मालकीचे असल्याने बदलावे लागले. पण तिच्या आज्ञा आजही 'वायपी' या अक्षरांनीच सुरू होतात. काम टेलिफोन डिरेक्टरीचेच. एका मुख्य संगणकावर यादी असते आणि बाकीचे तिला विचारतात, की हा माणूस आपला आहे काय?

आता ही यादी बनते कशी ते पाहू. मुख्य संगणकावर साध्या मजकुराची फाइल असते, ती आपला रोजमेळ. एका ओळीत एक माणूस. पण विचारणाऱ्याला उत्तर त्या फाइलमधून मिळत नाही. 'मेकडीबीएम' नावाचा प्रोग्राम त्या ओळी घेऊन डेटाबेस बनवतो. ओळीतला पहिला शब्द चावी आणि उरलेला मजकूर माल. अशा तयार यादीला 'मॅप' म्हणतात. एकाच फाइलमधून दोन मॅप निघतात, एक नावाप्रमाणे आणि दुसरा नंबराप्रमाणे. एका नोंदीच्या मजकुराला मर्यादा असते, म्हणून एका गटात फार नावे कोंबू नयेत. मेकडीबीएम आपल्याकडून एक नोंद आणखी घालतो, ती म्हणजे मॅप केव्हाचा आहे. ही वेळ १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत लिहिलेली असते. हे सर्व काम हाताने न करता 'मेक' ही आज्ञा द्यावी, म्हणजे दोन्ही मॅप एकदम बनतात. हाताने एकच बनवला तर दुसरा शिळा राहतो.

आमच्याकडचा एक कारकून नोकरी सोडून गेला. पुतण्याने त्याच दिवशी फाइलमधून त्याचे नाव काढले आणि काम झाले असे आम्हांला सांगितले. आम्हीही निश्चिंत झालो. चौथ्या दिवशी तो कारकून नव्या मुलाला चलनांचे काम समजावायला गोदामात आला. सवयीने त्याने आपले नाव आणि पासवर्ड टाकला, आणि दार उघडले! दर, साठा, उधारी, सारे समोर. भला माणूस सरळ आमच्याकडे आला आणि म्हणाला, "सेठ, माझे नाव अजून चालते आहे. बंद करून घ्या." त्याच्या जागी दुसरा कोणी असता तर काय झाले असते, हे सांगायला नको.

गफलत अशी होती, की फाइल बदलली पण 'मेक' चालवलेच नव्हते. रोजमेळातून नाव गेले, खतावणीत तसेच राहिले. लगेच 'मेक' चालवले. दुकानात तपासले, नाव गेले होते. तरी आम्ही म्हटले, गोदामात जाऊन पाहा. तिथे नाव अजून जिवंत! कारण गोदामातल्या संगणकावर यादीची दुसरी प्रत ठेवलेली होती, आणि नवी यादी पाठवली तेव्हा वीज गेल्याने तो संगणक बंद होता. नवी प्रत पोहोचलीच नव्हती. ती पुन्हा पाठवली तेव्हा काम पुरे झाले.

त्या दिवसापासून आमच्याकडे तपासणीचा नियम आहे.

एक, मुख्य संगणकावर मेकडीबीएमला 'यू' हा पर्याय देऊन मॅप उघडावा. तो डेटाबेसचा पुन्हा साधा मजकूर करून दाखवतो, चावीसकट आणि वेळेच्या नोंदीसकट.

दोन, प्रत्येक जागेवर बसून 'वायपीमॅच' ने ते एक नाव विचारावे. अशी चावी नाही, असे उत्तर आले तरच नाव गेले असे समजावे. 'वायपीकॅट' पूर्ण यादी दाखवतो.

तीन, 'वायपीव्हिच' ने पाहावे, की हा संगणक कोणाला विचारतो आहे, मुख्याला की दुसऱ्या प्रतीला.

चार, संगणकाचे घड्याळ बरोबर ठेवावे. 'मेक' तारखा पाहून ठरवतो, की मॅप पुन्हा बनवायचा की नाही. आतली बॅटरी संपून तारीख मागे गेली असेल, तर नवी फाइलही त्याला जुनी वाटते आणि तो काहीच करत नाही.

हेही सांगितले पाहिजे, की एनआयएस आता म्हातारी झाली आहे. तिच्या जाळ्यात कोणीही 'वायपीकॅट' चालवून पासवर्डांचे गुप्त रूप पाहू शकतो, हा तिचा मोठा दोष. रेड हॅट कंपनीने २०२२ साली आलेल्या आपल्या नवव्या आवृत्तीतून ती काढून टाकली. नवीन काम करणाऱ्यांनी 'एलडॅप' घ्यावी. तिथे 'स्लॅपअॅड' ने डेटाबेस भरतात आणि 'स्लॅपकॅट' ने उघडून पाहतात. आज्ञा बदलल्या, तपासणीची गरज बदलली नाही.

आपल्यापैकी बहुतेकांना या आज्ञा स्वतः द्यायच्या नाहीत. मुलगा, पुतण्या किंवा पगारी माणूस त्या देईल. पण मालकाने एक प्रश्न जरूर विचारावा. "नाव काढले" असे उत्तर आले, की म्हणावे, "गोदामातल्या संगणकावर दाखव." गाठीचा माल आपण चिठ्ठी वाचून घेत नाही, गाठ उघडून ताग्याला हात लावून घेतो. यादीही तशीच घ्यावी.