जाळ्याचा आस

पैठण येथील जायकवाडी धरण १९७६ साली पूर्ण झाले व गोदावरीचे पाणी अडून नाथसागर निर्माण झाला. रोहू, कटला, मृगळ हे मासे साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालीत नाहीत. त्यांचे बीज जलाशयात सोडावे लागते. ही बोटुकली वाढण्यापूर्वीच बारीक आसाच्या जाळ्यात सापडली, तर पुढे भोयांच्या हाती काय लागणार? (जाळ्याच्या दोन गाठींमधील मोकळ्या जागेस आस म्हणतात.)

समुद्रात हाच प्रश्न राष्ट्राराष्ट्रांत पडतो, कारण मासा सरहद्द जाणत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९९५ मध्ये जबाबदार मासेमारीची आचारसंहिता संमत केली. तीत आसाचाही उल्लेख आहे. ती ऐच्छिक आहे, हे विद्यार्थ्यांस अवश्य सांगावे.

शिक्षकांनी बारीक व मोठ्या आसाच्या जाळ्यांचे तुकडे वर्गात आणून त्यांतून लिंबे व चिंचोके चाळावेत. काय सुटले, ते मुलांनीच सांगावे.