शोध लावला, मग कंपनी का नाही काढली?

प्रश्न: वरंध्याच्या घाटापलीकडे महाडला डॉ. बावस्करांनी विंचूदंशावरचा इलाज शोधला, असं ऐकलंय. मग त्यांनी कंपनी काढून औषध का विकलं नाही? लेक बायोटेकमध्ये पीएच.डी. करतेय, तिला कंपनी काढायचीय, म्हणून विचारतो.
– एक वाचक, भोंगवली (ता. भोर)

उत्तर: विकण्याजोगं नवं काही नव्हतंच की! डॉ. हिंमतराव बावस्करांनी वापरलेली प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी. ती आधीपासून मिळत होती. लाल विंचवाच्या विषाने रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकतं, फुफ्फुसात पाणी भरतं. ही गोळी रक्तवाहिन्या सैल करते. 1986 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने हा उपाय छापला. गोळी स्वस्त, त्यामुळे कारखान्यावाचून काही अडलं नाही.

प्रतिविषाचं तसं नाही. विंचवांचं विष काढायचं, थोडं थोडं घोड्यांना टोचत राहायचं, मग त्यांच्या रक्तातली प्रतिपिंडं वेगळी करून कुप्या भरायच्या. शिवाय प्रत्येक कुपी सारखीच उतरली पाहिजे. दवाखान्यात हे जमत नाही. लसी आणि प्रतिविषं बनवणाऱ्या हाफकिन संस्थेचे घोडे पिंपरीत पोसले जातात ते यासाठी. शोध वेगळा, कारखाना वेगळा: 1899 मध्ये प्लेगच्या कामासाठी निघालेल्या त्या संस्थेचीही 1975 मध्ये वाटणी झाली; संशोधन राहिलं संस्थेकडे, उत्पादन गेलं महामंडळाकडे. बरं, कुपी तयार झाली तरी ती गोळीपेक्षा सरस कशावरून? बावस्कर पतिपत्नींनी 70 रुग्णांवर ताडून पाहिलं. नुसत्या गोळीवर दहा तासांत 35 पैकी 8 जण बरे झाले. जोडीला प्रतिविष दिलेल्या 35 पैकी 32. हा निबंध 2011 चा, म्हणजे गोळीनंतर पंचवीस वर्षांनी!

तेव्हा लेकीचा शोध गोळीच्या जातीचा आहे की कुपीच्या, ते आधी ठरवा. गोळीचा असेल तर तिने निबंध छापावा, डॉक्टरांना शिकवावं; कंपनीचा खटाटोप कशाला? कुपीचा असेल तर पुण्यात पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या (एनसीएल) आवारातलं, नवउद्योगांना हात देणारं व्हेंचर सेंटर गाठावं. बायोटेक नवउद्योगांसाठी केंद्र सरकारच्या बायरॅक या संस्थेचं ‘बिग’ अनुदान 50 लाखांपर्यंत मिळू शकतं. गोळी-कुपी सोडून वैद्यकीय उपकरण करणार असेल तर वैद्यकीय उपकरणांची 2017 ची नियमावली वाचावी. धोका जितका जास्त, तितकी परवानगी कडक.

आणि गिऱ्हाईक कोण? विंचू डसतो शेतकऱ्याला, मजुराला. कुपी बहुतेक वेळा विकत घेतं सरकार. निविदा, दर, बिल निघायची वाट, यांतलं काही प्रबंधात येत नाही. पदवी हातात पडण्याआधी तिने जिल्हा रुग्णालयाच्या औषधभांडारात जाऊन खरेदी कशी होते ते विचारून यावं.