किल्ली गोदामात, कुलूप बाहेर : जुन्या संगणकाचा डिस्क-ड्रायव्हर



ऊस काट्यावर आला, वजन झाले, पावती हातात पडली, की आपले काम संपले असे आपण समजतो. पण त्या पावतीची जोडप्रत आज बहुधा कागदावर नसते. ती संगणकाच्या डिस्कवर असते. तुमचे शेअर्स, ठेवी, वारसनोंदी, मागल्या हंगामांची बिले हे सगळे त्या तळहाताएवढ्या डबीत असते. म्हणून ती डबी उघडत नाही असे कोणी सांगितले तर काय करावे आणि काय मुळीच करू नये, एवढे तरी प्रत्येक सभासदाला माहीत असावे. आजचा धडा त्यासाठीच आहे.

एका गावच्या सोसायटीत घडलेला प्रसंग सांगतो. तेथे विंडोज एक्सपीवर चालणारे जुने मशीन होते. दिवाळीला चार-पाच दिवस वीज बंद राहिली. नंतर मशीन सुरू केले तर विंडोजचे चित्र दिसे, आणि लगेच निळा पडदा येऊन मशीन पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. तालुक्याहून आलेला मेकॅनिक म्हणाला, "डिस्क गेली, फॉरमॅट मारून नवं टाकतो." तेवढ्यात वारसनोंदीसाठी आलेल्या एका वृद्ध सभासदाने विचारले, "आन् आमच्या जुन्या नोंदी?" त्या प्रश्नाने सचिव थांबले. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावून पाहिली, तर सगळ्या नोंदी जागच्या जागी होत्या. डिस्क गेलीच नव्हती. पन्नास रुपयांच्या आतली एक बॅटरी संपली होती! हे कसे झाले ते आता समजून घेऊ.

गोदाम, कुलूप आणि कीपर

डिस्क म्हणजे साखरेचे गोदाम समजा. बोर्डावरचा जो भाग डिस्कशी देवघेव करतो त्याला कंट्रोलर किंवा अडॅप्टर म्हणतात. तो म्हणजे गोदामाचे कुलूपबंद दार. आणि ते विशिष्ट कुलूप कसे उघडायचे हे ज्याला ठाऊक असते तो गोदाम-कीपर म्हणजे ड्रायव्हर. ड्रायव्हर ही काही वस्तू नव्हे, तो एक छोटा प्रोग्रॅम असतो. कुलूप बदलले आणि कीपर जुनाच राहिला, तर आतली साखर शाबूत असूनही पोते बाहेर निघत नाही.

आता खरी गंमत पाहा. हा ड्रायव्हर ठेवलेला असतो कोठे? त्याच डिस्कवर! म्हणजे किल्ली गोदामात आणि कुलूप बाहेर. मग मशीन एरवी सुरू तरी कसे होते? मशीन चालू करताच बोर्डावरचा बायॉस नावाचा प्रोग्रॅम जागा होतो. तो रात्रीच्या वॉचमनसारखा आहे. दार किलकिले करून विंडोजचा गाभा आणि सुरुवातीला लागणारे ड्रायव्हर तेवढे तो बाहेर काढून देतो. पुढे विंडोज स्वतः ताबा घेते आणि वॉचमनची पाळी संपते. बाहेर काढलेल्या सामानात त्या कुलपाचा ड्रायव्हर असेल तर काम पुढे चालते. नसेल तर विंडोजला स्वतःचीच डिस्क दिसत नाही आणि निळा पडदा येतो. त्या पडद्यावर 'स्टॉप' या शब्दापुढे शून्यांची रांग आणि शेवटी '७बी' असे असेल, तर सुरू होण्याची डिस्क हाती लागत नाही, असा त्याचा अर्थ. डिस्क मेली, असा नव्हे.

एक्सपीलाच ही अडचण का?

विंडोज एक्सपी २००१ साली आले. त्या वेळी डिस्का आयडीई पद्धतीने जोडत. सॅटा पद्धतीच्या डिस्का २००३ च्या सुमारास बाजारात आल्या आणि त्यांच्या कंट्रोलरशी बोलण्याची एएचसीआय ही रीत २००४ मध्ये ठरली. एक्सपीच्या मूळ सीडीत या रीतीचा ड्रायव्हर नाही. २००७ मध्ये आलेल्या व्हिस्टापासून तो अंगचाच आहे. मधल्या काळातल्या अनेक बोर्डांवर म्हणून बायॉसमध्ये दोन्ही सोयी ठेवलेल्या असत. 'आयडीई' निवडले की नवे कुलूप जुन्यासारखे वागे आणि एक्सपी चाले.

ही निवड बोर्डावरच्या नाण्यासारख्या बॅटरीच्या जोरावर लक्षात राहते. त्या सोसायटीच्या मशीनची बॅटरी संपली, वीज गेली, आणि बायॉस सगळे विसरून कारखान्यातून आल्यासारखा झाला. त्यात 'आयडीई'चे 'एएचसीआय' झाले. तारीखही कित्येक वर्षे मागे गेली होती, पण ती कोणी पाहिलीच नाही. तारीख मागे गेलेली दिसली की पहिला संशय बॅटरीवर घ्यावा.

पायऱ्या

पहिली पायरी : नक्कल. काही झाले तरी आधी डिस्क काढून दुसऱ्या चांगल्या मशीनला जोडा व सर्व नोंदींची प्रत दोन वेगळ्या ठिकाणी घ्या. यूएसबीला सॅटा डिस्क जोडणारी वायर बाजारात मिळते. प्रत होईपर्यंत 'फॉरमॅट' हा शब्द कोणी उच्चारू नये. दुसऱ्या मशीनवरही डिस्क दिसली नाही किंवा तिच्यातून टकटक असा आवाज आला, तर मात्र डिस्कच आजारी आहे. मग वारंवार चालू-बंद करू नका, जाणकाराकडे द्या.

दुसरी पायरी : बॅटरी. वीज काढून सीआर २०३२ ही बॅटरी बदला (बहुतेक बोर्डांना हीच लागते). मशीन चालू करून बायॉसमध्ये जा, तारीख-वेळ नीट करा.

तिसरी पायरी : मोड. बायॉसमध्ये 'सॅटा मोड' शोधा आणि 'आयडीई' निवडा. काही बोर्डांवर त्यालाच 'कम्पॅटिबल' किंवा 'लेगसी' म्हणतात. बदल जतन करून बाहेर या. वर सांगितलेल्या प्रसंगात काम येथेच संपले, ड्रायव्हरला हातही लावावा लागला नाही.

चौथी पायरी : नवे कार्ड बसवायचे असल्यास. बोर्डावरचे डिस्कचे कनेक्शन खराब झाले तर वेगळे सॅटा कार्ड बसवता येते. येथे क्रम महत्त्वाचा आहे. डिस्क जुन्या जागीच ठेवून आधी फक्त कार्ड खाचेत बसवा. विंडोज सुरू झाले की ते नवे यंत्र सापडल्याचे सांगेल. मग कार्डाबरोबरच्या सीडीतला एक्सपीचा ड्रायव्हर त्याला द्या. 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये कार्डाचे नाव पिवळ्या खुणेशिवाय दिसले म्हणजे कीपर कामावर रुजू झाला. त्यानंतरच मशीन बंद करून डिस्कची वायर कार्डावर न्या आणि बायॉसमध्ये सुरुवात कार्डावरून करण्यास सांगा. आधी वायर हलवली आणि मागून ड्रायव्हर शोधला, तर तोच निळा पडदा! कार्ड घेताना ते एक्सपीला चालते का, हे खोक्यावर वाचून घ्या.

पाचवी पायरी : कोऱ्या डिस्कवर एक्सपी नव्याने टाकताना. सीडीवरून काम सुरू होताच निळ्या पडद्याच्या तळाशी 'एफ ६ दाबा' अशी ओळ काही सेकंदच येते. तेव्हाच एफ ६ दाबा. थोड्या वेळाने विचारणा होईल, तेव्हा 'एस' दाबून ड्रायव्हरची फ्लॉपी घाला. फ्लॉपीच्या मुळाशी, कोणत्याही फोल्डरच्या आत नव्हे, 'टीएक्सटीसेटअप डॉट ओईएम' ही फाइल असलीच पाहिजे. तिच्यावरूनच यादी दिसते. यादीतून आपल्याच कंट्रोलरचे नाव निवडा, जवळपासचे चालत नाही. पहिल्यांदा मशीन पुन्हा सुरू होईपर्यंत फ्लॉपी आतच ठेवा, कारण फाइली उतरवताना ती पुन्हा लागते. यूएसबीची फ्लॉपी सगळीच चालत नाहीत, ठराविक बनावटीचीच चालतात. एफ ६ चुकले तर मशीनला हार्ड डिस्क सापडली नाही असा निरोप येतो. घाबरू नका, पहिल्यापासून सुरू करा.

मग जुने मशीन ठेवायचेच कशाला?

हा प्रश्न रास्त आहे. अनेक संस्थांचे हिशेबाचे प्रोग्रॅम डॉसच्या काळातले आहेत आणि ६४ बिटांच्या विंडोजवर ते थेट चालत नाहीत. पण एक्सपीला मायक्रोसॉफ्टने दिलेला आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला. तेव्हा असे मशीन इंटरनेटला जोडू नये. ते जिवंत ठेवणे ही नोंदी बाहेर काढेपर्यंतची तात्पुरती सोय आहे. फॉक्सप्रोच्या डीबीएफ फाइली लिब्रेऑफिससारख्या मोफत प्रोग्रॅमात उघडतात. मात्र श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टातली मराठी नावे तेथे वेडीवाकडी दिसतात. ती युनिकोडमध्ये बदलून, छापील यादीशी ताडून पाहावी लागतात. हे काम गळीत हंगामात होत नाही, पावसाळ्यात उरकावे.

सभासदांनी काय करावे? वार्षिक सभेत अहवालाची पाने उलटताना एक साधा प्रश्न विचारा : "आपल्या नोंदींची प्रत कोठे आहे आणि ती शेवटची केव्हा उघडून पाहिली?" प्रत घेतली पण कधी उघडलीच नाही, तर ती असून नसल्यासारखी. आणि घरातल्या पावत्या उंदरांना देऊ नका. कीपर चुकेल, कुलूप बिघडेल, पण तुमच्या पेटीतली पावती वाचायला कोणताच ड्रायव्हर लागत नाही.

उजळणी

१) निळ्या पडद्यावर '७बी' दिसले म्हणजे डिस्क गेली असे का समजू नये?
२) मशीनची तारीख मागे गेली तर पहिल्यांदा काय तपासावे?
३) नवे कार्ड बसवताना आधी काय, डिस्कची वायर की ड्रायव्हर? का?