सात पुस्तके कुठे गेली?



नोव्हेंबर जवळ आला की मृतांसाठी मिस्साचे हेतू लिहून देणाऱ्यांची ऑफिसात गर्दी होते. परवा एक भगिनी आल्या. पाकीट टेबलावर ठेवले, पण नाव सांगेनात. मग म्हणाल्या, “फादर, मुलगा म्हणतो, बाबांसाठी मिस्सा ठेवू नकोस. मेलेल्यांसाठी प्रार्थना करा असे बायबलमध्ये कुठेच लिहिलेले नाही.” मुलगा नोकरीसाठी बाहेरगावी असतो आणि तेथे मित्रांबरोबर एका प्रोटेस्टंट प्रार्थनासभेला जातो. मी त्यांना मक्काबीच्या दुसऱ्या पुस्तकाचा बारावा अध्याय काढायला सांगितला. त्यांनी पिशवीतून आपले मराठी पवित्र शास्त्र काढले आणि अनुक्रमणिकेवरून बोट फिरवले. मक्काबी नव्हतेच! “मग फादर, माझे बायबल अपुरे, की आपला मिस्सा चुकीचा?”

मी तेव्हा दिलेले उत्तर मला स्वतःलाच अपुरे वाटले. त्यांच्या परवानगीने आज थोडे सविस्तर लिहितो.

कॅथोलिक बायबलमध्ये 73 पुस्तके आहेत, प्रोटेस्टंट बायबलमध्ये 66. नवा करार दोघांचाही एकच, 27 पुस्तकांचा. फरक जुन्या करारात आहे. तोबीत, युदीथ, ज्ञानग्रंथ, बेनसिरा, बारूख आणि मक्काबीची दोन पुस्तके, तसेच एस्तेर व दानीएल यांतील काही भाग त्यांच्याकडे नाहीत. ते म्हणतात, ‘कॅथोलिकांनी मागाहून घुसवली.’ आपले लोक म्हणतात, ‘ल्यूथरने फाडून टाकली.’ खरे सांगायचे तर दोन्ही विधाने इतिहासाला धरून नाहीत.

ख्रिस्तापूर्वी तिसऱ्या शतकापासून अलेक्झांड्रिया येथील यहुदी लोकांनी आपले धर्मग्रंथ ग्रीक भाषेत आणायला सुरुवात केली. या ग्रीक संग्रहात ही पुस्तके होती. पहिले ख्रिस्ती बहुतेक ग्रीक वाचणारे होते, म्हणून हाच संग्रह त्यांच्या हाती आला. यहुदी गुरूंनी पुढे कायम केलेल्या इब्री संग्रहात मात्र ही पुस्तके नाहीत. त्यामुळे ख्रिस्तसभेतही शंका होती. बायबल लॅटिनमध्ये आणणारे संत जेरोम इब्री यादीच्या बाजूचे होते, तर संत ऑगस्टीन मोठ्या यादीच्या. उत्तर आफ्रिकेतील हिप्पो (393) आणि कार्थेज (397) येथील सभांनी मोठी यादी स्वीकारली आणि मिस्सात ही पुस्तके वाचली जात राहिली.

वाद पेटला तो 1519 साली, जर्मनीत लाइपझिग येथे. शुद्धीस्थानाबद्दल बोलताना योहान एक यांनी मक्काबीचा आधार दिला. मार्टिन ल्यूथर म्हणाले, ते पुस्तक प्रमाण नाही. त्यामागचा त्यांचा संताप समजून घेतला पाहिजे. मृतांच्या नावाने दंडमाफीची पत्रे विकली जात होती, आणि ती विकणारे आपलेच होते. तरी 1534 च्या आपल्या जर्मन बायबलमध्ये ल्यूथरनी ही पुस्तके छापली. दोन करारांच्या मध्ये वेगळी ठेवली आणि वाचायला चांगली, पण शास्त्राच्या तोडीची नाहीत, असे नमूद केले. त्रेंत येथील परिषदेने 8 एप्रिल 1546 रोजी संपूर्ण यादी जाहीर करून आपल्या बाजूने प्रश्न मिटवला. इंग्रजांच्या 1611 च्या किंग जेम्स बायबलमध्येही ती होती. 1826 साली ब्रिटिश बायबल सोसायटीने ती न छापण्याचा निर्णय घेतला आणि तिच्यामार्फत देशोदेशी गेलेल्या प्रती 66 पुस्तकांच्याच राहिल्या. त्या भगिनींच्या पिशवीतले शास्त्रही याच परंपरेतले. (फादर थॉमस स्टीफन्स यांनी 1616 साली ‘ख्रिस्तपुराण’ दिले, पण ते भाषांतर नव्हे. मराठीत छापील बायबल घरोघरी पोहोचवले ते प्रोटेस्टंट बांधवांनी. हे ऋण आपण फारसे बोलून दाखवत नाही.)

आता मूळ मुद्दा. ‘फक्त शास्त्रच प्रमाण’ असे तो मुलगा म्हणतो. पण शास्त्रात कोणती पुस्तके आहेत हे शास्त्रातल्या कोणत्या पुस्तकात लिहिले आहे? सर्व शास्त्र देवप्रेरित आहे असे संत पौल तीमथ्याला लिहितात, यादी देत नाहीत. नव्या कराराची आज आहे तशी 27 नावांची यादी आपल्याला प्रथम मिळते ती अलेक्झांड्रियाचे बिशप संत अथानासियस यांच्या 367 सालच्या पत्रात. म्हणजे शास्त्र हाती घेताना त्या मुलाने ख्रिस्तसभेच्या साक्षीवर आधीच विश्वास ठेवला आहे.

प्रोटेस्टंटांकडे याचे उत्तर आहे आणि ते पोकळ नाही. कॅल्विन म्हणत, शास्त्राची ओळख पवित्र आत्माच अंतःकरणात पटवून देतो. सोनाराने पारखले म्हणून पितळेचे सोने होत नाही. मान्य! 1870 साली पहिल्या व्हॅटिकन परिषदेनेही हेच सांगितले: ही पुस्तके पवित्र आहेत ती ख्रिस्तसभेने मान्यता दिली म्हणून नव्हे, तर देव त्यांचा कर्ता आहे म्हणून. पण दोन प्रामाणिक माणसांची पारख वेगळी ठरली तर? ल्यूथरना याकोबाच्या पत्राबद्दल शंका होती. तरीही ते पत्र ल्यूथरन बायबलमध्ये आजही आहे. ते एका माणसाच्या पारखीवर टिकले नाही, शेकडो वर्षे सभेत वाचले जात होते म्हणून टिकले. यालाच आपण परंपरा म्हणतो.

मात्र प्रत्येक जुनी रीत म्हणजे परंपरा नव्हे. माणसांच्या रीतीसाठी देवाची आज्ञा बाजूला सारणाऱ्यांना प्रभू येशूने खडसावले होते. कबरीवर कोणाची फुले जास्त, ही आपल्याकडची चढाओढ प्रेषितांकडून आलेली नाही! आणि ख्रिस्तसभेचा शिकवण्याचा अधिकार देवशब्दाच्या वर नाही, तो देवशब्दाचा सेवक आहे, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 साली स्पष्ट केले आहे.

त्या बाराव्या अध्यायात काय आहे? लढाईत पडलेल्या सैनिकांच्या कपड्यांखाली मूर्तींचे ताईत सापडतात. यहूदा मक्काबी त्यांना टाकून देत नाही. वर्गणी काढतो, दोन हजार द्राख्मा चांदी यरुशलेमला पाठवतो आणि त्यांच्या पापांसाठी अर्पण करवतो, कारण ते पुन्हा उठतील अशी त्याला आशा आहे. शुद्धीस्थानाची आपली सगळी शिकवण या एका उताऱ्यात सापडेल असे मी म्हणणार नाही. पण मृतांसाठी प्रार्थना ही कॅथोलिकांनी काढलेली टूम नाही, एवढे त्यातून नक्की कळते.

त्या भगिनींना मी आणखी एक गोष्ट सांगितली. 387 साली ऑस्तिया बंदरात संत मोनिका मरणाला टेकल्या होत्या. देह कुठेही पुरा, त्याची चिंता करू नका. फक्त प्रभूच्या वेदीजवळ माझी आठवण ठेवा, एवढेच त्यांनी मुलांकडे मागितले. त्यांच्या ऑगस्टीनने ते लिहून ठेवले आहे आणि आईसाठी प्रार्थना करायला वाचकांनाही विनवले आहे. ल्यूथर त्याच ऑगस्टीनच्या नावाच्या संघातले संन्यासी होते.

त्यांनी नवऱ्याचे नाव लिहून दिले. मुलगा नाताळात घरी येणार आहे. मी म्हटले, त्याला भेटायला पाठवा आणि येताना त्याचे बायबल घेऊन यायला सांगा. माझेही मी काढून ठेवतो.

आपला,
धर्मगुरू